लाळग्रंथीची बायॉप्सी : या चुका टाळा

तोंड सतत कोरडं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, आणि रक्ताची अँटी-रो तपासणी (शोग्रेनमध्ये सापडणाऱ्या अँटिबॉडीची) निगेटिव्ह. शोग्रेन आजाराचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते त्याचा, संशय असेल तर इथे खालच्या ओठाच्या आतल्या छोट्या लाळग्रंथींची बायॉप्सी करावी लागते. ओठ बधिर करून होणारं हे छोटं काम, म्हणूनच घाईत उरकलं जातं.

सगळ्यात जास्त नमुने बाटलीत मरतात. डोंबिवलीचा पेशंट शनिवारी दुपारी दवाखान्यात येतो. ग्रंथींचे दाणे निघतात, पण फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं द्रावण) संपलेलं, म्हणून बाटलीत सलाईन. नातेवाईक ती पिशवीत टाकून लोकलने परळच्या लॅबला पोचतात, तोवर शटर खाली. सोमवारपर्यंत बाटली घरच्या फडताळात, मे महिन्याच्या उकाड्यात. सलाईन पेशी टिकवत नाही, त्या आतून सडत जातात. स्लाइडवर पुसट गुलाबी डाग, रिपोर्टात 'नमुना तपासण्यायोग्य नाही', आणि पेशंटच्या ओठाला पुन्हा चिरा. स्पिरिटही चालत नाही, त्यात ऊती आकसते. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनच हवं, नमुन्याच्या निदान दहापट. इंजेक्शन टोचण्याआधी बाटली उजेडात धरा, आत काय आहे ते विचारा. नाव-तारीख बाटलीवर लिहा, झाकणावर नको; लॅबमध्ये झाकणं बदलतात.

दुसरी चूक अपुऱ्या दाण्यांची. एकेक ग्रंथी मोहरी ते बारीक साबुदाण्याएवढी. पॅथॉलॉजिस्ट ५० किंवा जास्त लिम्फोसाइटचे (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके मोजतो आणि दर ४ चौरस मिलिमीटरमागे किती ते सांगतो. हाच फोकस स्कोअर. एकूण ग्रंथी ४ चौरस मिमी तरी हवी, ८ मिळाली तर उत्तम. म्हणून चार ते सहा दाणे काढा. नुसतं वरचं अस्तर आलं तर मोजायला काहीच उरत नाही. पंच (गोल पात्याचं हत्यार) घेऊन एका झटक्यात मोकळं होण्याचा शॉर्टकट मला पटत नाही. मध्यरेषेच्या बाजूला एक ते दीड सेंटीमीटर आडवा चिरा द्या, बोथट टोकाने दाणे सुटे करा. त्यांच्यामधून जाणारे पांढरे धागे म्हणजे नसा. त्या तुटल्या की ओठ महिनोन्महिने बधिर राहतो, क्वचित कायमचाच.

स्कोअर १ किंवा जास्त आला म्हणजे शोग्रेन ठरला, असंही नव्हे. २०१६ च्या निकषांत त्याला ३ गुण आहेत, लागतात ४. चौथा शर्मरसारख्या तपासणीतून येतो : खालच्या पापणीत अडकवलेला कागद पाच मिनिटांत ५ मिमी किंवा कमी भिजला तर १ गुण.

कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथीत गाठ असेल तर ओठ कापायचा नाही. आधी सोनोग्राफी, मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून तपासणी. गाठ उघडून तुकडा काढू नये. तिथून चेहऱ्याची नस जाते आणि ट्यूमरच्या पेशी सांडू शकतात.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. सिगारेट आणि स्टेरॉइडची माहिती फॉर्मवर लिहा. दोन्हींमुळे स्कोअर कमी दिसू शकतो.

आणि बधिरपणा उतरेपर्यंत कटिंग चहा नको. ओठ भाजल्याचं कळतच नाही.