मायकोटिक ॲन्युरिझम: रुग्ण कॅथलॅबमध्ये नेण्याआधी

ऱ्हुमॅटिक हार्टचा जुना रुग्ण, काही आठवड्यांचा बारीक ताप आणि आता सीटीत मेंदूच्या पृष्ठभागालगत रक्तस्राव: मायकोटिक ॲन्युरिझमचा, म्हणजे हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग मेंदूच्या धमनीत जाऊन तिथे आलेल्या फुग्याचा, संशय घ्या. इथे पहिली तयारी ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी). अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी तीन वेगवेगळ्या शिरांमधून तीन सेट घ्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त. बाटलीचं बूच स्पिरिटने पुसा, त्वचेवरचं औषध पूर्ण सुकू द्या. नाहीतर कातडीवरचेच जंतू वाढतात. मायकोटिक (म्हणजे बुरशीचा) हे डॉक्टर विल्यम ऑस्लरने १८८५मध्ये दिलेलं नाव चिकटलं खरं, पण बुरशी क्वचितच निघते. बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकस नाहीतर स्टॅफिलोकोकस हे जीवाणू. इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच सांगून ठेवा.

सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) स्वच्छ आली तरी थांबू नका. हे फुगे बहुधा मेंदूच्या मिडल सेरेब्रल धमनीच्या टोकाच्या फांद्यांवर असतात, अनेकदा ३ मिमीहून लहान आणि एकाहून जास्त. म्हणून डीएसए (कॅथेटरने धमनीत कॉन्ट्रास्ट सोडून काढलेली एक्स-रे चित्रं), तीही दोन्ही कॅरॉटिड आणि दोन्ही व्हर्टिब्रल अशा मानेतल्या चारही धमन्यांची. जेंटामायसिन हे किडनीवर ताण आणणारं अँटिबायोटिक चालू असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) त्याच दिवशीचं हवं. कॉन्ट्रास्टचा भारही त्याच किडन्यांवर पडतो. कृत्रिम झडप असेल तर वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) कधी थांबवलं, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) किती, हे केसपेपरवर लिहिलेलं असू द्या.

फुगा फुटलेला असेल तर बहुतेक वेळा ग्लू, म्हणजे बारीक कॅथेटरमधून सोडून धमनी बंद करणारा चिकट द्रव. संसर्ग झालेल्या धमनीत स्टेंट ठेवायचा आणि झडपेचं ऑपरेशन तोंडावर असताना दोन-दोन अँटिप्लेटलेट (रक्ताची गुठळी रोखणारी औषधं) द्यायची, हे शक्यतो टाळावं. ग्लूसाठी टेबल वेगळं लावा, हातमोजे नवे घाला. त्या टेबलावर सलाईनचा थेंबही नको, कारण त्यातल्या आयनांनी ग्लू सिरिंजमध्येच घट्ट होतो. मायक्रोकॅथेटर ५ टक्के डेक्स्ट्रोजनेच धुवायचा. ग्लूत मिसळायचं तेलकट कॉन्ट्रास्ट, लिपिओडॉल, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक विरघळवतं, तेव्हा थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि सिरिंज तपासून घ्या. मिश्रण ऐनवेळी करा. ग्लू मागे यायला लागला की कॅथेटर झटकन ओढायचा. क्षणभर रेंगाळलं तर टोक आतच अडकतं. ती फांदी कायमची बंद होणार आहे. ती मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागाची की बोलण्याच्या भागाची, हे आधी बघा आणि नातेवाइकांना संमतीपत्रावर सही घेण्याआधी नीट समजावून सांगा.

न फुटलेल्या फुग्याला ४ ते ६ आठवडे अँटिबायोटिक पुरेसं ठरू शकतं, पण योग्य औषधावरही तो वाढू शकतो. दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा इमेजिंग करा. पुढची तारीख आजच घेऊन ठेवा. झडपेच्या ऑपरेशनची तारीख कार्डियाक सर्जनशी बोलूनच ठरवा, कारण बायपास पंपावर हेपरिनचा (रक्त गोठू न देणारं औषध) पूर्ण डोस द्यावा लागतो आणि मेंदूतला रक्तस्राव वाढू शकतो.