कंपनीच्या वायफाय डब्याला हात लावताय? या चुका टाळा

फायबरचं कनेक्शन देताना भिंतीवर जो डबा लावून जातात, तो बहुतेक वेळा कंपनीचाच असतो. अनामत भरली म्हणजे डबा आपला झाला, असं नाही. पावती आणि अर्जावरच्या अटी आधी वाचा. डबा परत करायचा असेल, तर तो उघडणं किंवा त्यातलं सॉफ्टवेअर बदलणं अंगलट येतं.

सगळ्यात जास्त घोळ रीसेटच्या भोकानं होतो. नेट हळू झालं की पारावरचा जाणकार सांगतो, "टाचणी घाल ना भाऊ, धर दाबून!" बटण बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटनं कंपनीनं भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सेटिंग सगळं पुसलं जाऊ शकतं. मग दिवे हिरवे आणि नेट बेपत्ता. खेड्यात माणूस येईपर्यंत वाट पाहत बसा. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचं सांगणारा) दिवा लाल असेल तर दोष बहुधा वायरीत असतो. वानरांनी ती ओढली असेल किंवा उंदरानं कुरतडली असेल. तिथं तक्रारच करायची.

बाजारातून दुसरा ओएनटी, म्हणजे फायबर जोडायचा असाच डबा, आणून फायबर त्यात खोचला तरी सहसा चालत नाही, कारण कंपनीकडं जुन्या डब्याचा अनुक्रमांक नोंदलेला असतो. त्यातही फायबरच्या हिरव्या पिनेचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळ्या सॉकेटात ती बसते खरी, पण सिग्नल पडतो. टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

मागच्या खोलीत रेंज नाही? मग डबा जिथं आहे तिथंच राहू द्या. त्याच्या लॅन पोर्टमधून (नेट बाहेर देणाऱ्या खाचेतून) केबल काढून आपल्या राउटरच्या वॅन पोर्टला (नेट आत घेणाऱ्या खाचेला) जोडा. याला सहसा कुणाची हरकत नसते. बाहेरगावाहून सीसीटीव्ही बघताना अडचण आली, तर कंपनीला डबा ब्रिज मोडवर टाकून मागा, म्हणजे डबा नुसतं नेट पुढं देतो आणि बाकी काम आपला राउटर करतो. स्वतः खटपट नको.

अडॅप्टर जळाला तर घरातला दिसेल तो लावू नका. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. आणि मे महिन्यात टिनाला खेटून डबा ठेवलात, तर दुपारी नेट तुटणारच!

कनेक्शन बंद करताना अडॅप्टरसह डबा परत द्या आणि अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या. "देजो नंतर" म्हणणाऱ्याला सोडू नका, अनामत त्याच कागदावर अडते.