मीटिंग पुढे ढकलताना ‘फॉरवर्ड’ टाळा

बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ असं ईमेलमध्ये लिहिलंत, की कुणी सोमवारी हजर होतो, कुणी शुक्रवारी. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे तर चक्क अलीकडे आणणं. पुढची तारीख द्यायची तर ‘पोस्टपोन’ किंवा ‘पुश बॅक’ घ्या आणि नवा वार नि तारीख लिहाच.

खरी गडबड शब्दयोगी अव्ययांत होते. ‘पोस्टपोन्ड’नंतर ‘टू’ किंवा ‘अंटिल’ आलं तर नवी तारीख, ‘बाय’ आलं तर किती काळाने ते. टोकियो ऑलिंपिक ‘पोस्टपोन्ड टू 2021’ किंवा ‘पोस्टपोन्ड बाय अ यिअर’. ‘पोस्टपोन्ड बाय फ्रायडे’ लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडणार. ‘पोस्टपोन’ किंवा त्याच अर्थाच्या ‘पुट ऑफ’नंतर दुसरं क्रियापद आलं तर आयएनजी लावूनच: ‘पुट ऑफ गोइंग’, ‘टू गो’ नव्हे.

‘पुट ऑफ’ बोलताना छान, नोटिशीत ‘पोस्टपोन’च शोभतं. ‘कॉल ऑफ’ मात्र चुकूनही नको, त्याचा अर्थ रद्द. सुरू झालेली सभा किंवा सुनावणी तहकूब केली तर ‘अ‍ॅडजर्न’. विमानाला उशीर झाला तर ‘डिलेड’.

‘प्रीपोन’ आपल्याकडे बिनधास्त चालतं, पण लंडनच्या क्लायंटला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा. ‘टेबल’ हे क्रियापद सगळ्यांत फसवं: ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दोन्हीकडची माणसं एकाच कॉलवर असतील तर तो शब्द वापरूच नका.