देवाच्या ठायी आनंद: मी सुरुवात तक्रारीने करते

प्रार्थनेत आधी स्तुतीच हवी, असं काही नाही. मन जड असलं की मी बायबलमधलं स्तोत्र 13 उघडते. पहिल्या दोनच वचनांत चारदा ‘कुठवर?’ असा प्रश्न येतो, आणि सहाव्यात स्तोत्रकर्ता गाऊ लागतो. मध्ये परिस्थिती बदलल्याचं कुठेही लिहिलेलं नाही!

तुम्हीही तसंच करा. कुरकुर मोठ्याने बोलून टाका, मग देवाचा एकच उपकार नेमका आठवून वहीत लिहा. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ ही मला पळवाट वाटते. रविवारची उपासना चुकवू नका. गावंसं वाटत नसेल तर नुसते उभे राहा.

पुढे बायबलमधलंच, प्रेषित पौलाने लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र घ्या. वारंवार ‘आनंद करा’ म्हणणारा पौल तेव्हा बंदिवासात होता. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात.