गाडीच्या इंजिनाच्या पोटात कॅमेरा कसा न्यावा

सांगलीत गॅरेजवाले, ऑइलवाले, स्पेअर पार्टची दुकानं आता मोबाईलसाठी छोट्या जाहिराती करून घेतात. त्यात अनेकांना एकच शॉट हवा असतो: पिस्टन वर-खाली होतोय आणि आत जाळ भडकतोय. चालू इंजिनात साधा कॅमेरा घालून हा शॉट मिळत नाही. पेट्रोल पेटतं त्या क्षणी आतल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. संशोधनासाठी क्वार्ट्झ काचेची खिडकी बसवलेली इंजिनं असतात, पण ती प्रयोगशाळेतच. आपण हा शॉट दोन तुकड्यांत घ्यायचा: खऱ्या गाडीचं आतलं रूप इंजिन बंद ठेवून, आणि हालचाल कापलेल्या इंजिनावर, म्हणजे आतलं दिसावं म्हणून बाजू कापून उघडलेल्या इंजिनावर.

खऱ्या गाडीसाठी एंडोस्कोप कॅमेरा, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा घ्या, ५.५ मिलिमीटर जाडीचा. स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून तो आत सोडायचा. प्लगचे आटे १४ मिलिमीटरचे असतात, नव्या गाड्यांत १२ किंवा १०, त्यामुळे तो आरामात उतरतो. डोक्याला बाजूलाही लेन्स असलेला मिळाला तर तोच घ्या, कारण व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) वरच्या बाजूला असतात आणि सरळ बघणाऱ्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. डिझेल गाडीत इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढावा लागतो, ते काम वाढतं. पहिल्यांदा पेट्रोल गाडीच निवडा.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. प्लग बसतो ते इंजिनाचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. प्लगवरची कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, मगच प्लग सोडवा. तिथली माती आत पडली तर लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठतात. सगळेच प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) राहत नाही आणि क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, हातानं सहज फिरतो. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा, इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं फिरवा आणि पिस्टन तळाशी आणा. तो तळाशी आला की नाही, ते प्लास्टिकची लांब नळी आत सोडून कळतं. कॅमेरा आत असताना क्रँकला हात लावायचा नाही. हे मिस्त्रींना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

आता उजेड. बहुतेक जण कॅमेऱ्याचा दिवा पूर्ण वाढवतात आणि ऑइल लागलेली भिंत पांढरी फटक दिसते. दिवा निम्म्यापेक्षा खाली आणा. लायनरवर होनिंगच्या (भिंत घासून तयार करताना उठलेल्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात. मंद उजेडात त्या अशा उठून दिसतात की जाहिरातीतला सर्वात देखणा शॉट तोच होतो. कॅमेऱ्याचा फोकस ठरावीक अंतरावर असतो. चित्र धूसर दिसलं तर कॅमेरा पुढे-मागे सरकवा. वायर बोटांनी हळूहळू फिरवा, एका दमात, न थांबता.

हालचालीसाठी कापलेलं इंजिन लागतं. आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये अशी मॉडेल असतात, रीतसर अर्ज करून विचारा. सांगलीत १९४७ साली सुरू झालेलं वालचंद कॉलेज आहे, चौकशी तिथूनही सुरू करता येईल. नाहीतर भंगारातलं इंजिन घेऊन कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मिलिंगवर काप मारून घ्या. कापाच्या कडा घासून घ्या, कापलेल्या पृष्ठभागाला लाल रंग द्या. कुठे काप आहे ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

हे इंजिन गिअरच्या मोटरनं मिनिटाला ३० ते ६० फेरे इतकंच फिरवा. चालू गाडीचं इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा. साध्या २५ फ्रेमच्या शूटिंगमध्ये तो वेग फरफटल्यासारखा दिसतो. वर्कशॉपमधले दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

जाळ एडिटिंगमध्ये घालायचा, पण योग्य जागी. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरमध्ये ठिणगी एकदाच पडते: दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन अगदी वर, तिथून तो खाली निघतो. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह उघडा असताना जाळ दाखवला तर गावातला कुठलाही मिस्त्री पहिल्या नजरेत पकडतो, आणि ज्याच्या नावानं जाहिरात चालते त्याचीच पत जाते.

याहून महत्त्वाचं म्हणजे ‘आधी आणि नंतर’. कार्बन साफ करण्याची जाहिरात असेल तर दोन्ही शॉट त्याच गाडीचे, त्याच सिलिंडरचे, त्याच उजेडाचे आणि त्याच अंतरावरून घ्या. काळाकुट्ट पिस्टन एका गाडीचा आणि चकचकीत दुसऱ्याच नव्या इंजिनाचा, असं मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवून खिशातले पैसे काढतो. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जाळाच्या शॉटवर ‘दृश्य प्रतीकात्मक’ असं वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहा.

शूटिंग संपलं की प्लग आधी हातानं आट्यात बसवा, मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानं आवळा. कॉइल आणि बॅटरी जोडा, गाडी मालकासमोर चालू करून दाखवा, आणि मगच किल्ली त्यांच्या हाती द्या.