विजेचे मीटर हलवायचे असेल तर : आतली केबल आधी टाकावी

गेल्या वर्षी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दोन दिवस आधी अमळनेरच्या आमच्या जुन्या घरातले विजेचे मीटर ओसरीतून काढून अंगणाच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसवले गेले, आणि त्यानंतर दोन रात्री आम्ही अंधारात काढल्या. खांबावरून नव्या मीटरपर्यंत पुरवठा नीट आला होता, मीटरचा दिवा लुकलुकत होता, शुल्क भरलेले होते आणि कागदही पूर्ण होते. फक्त नव्या मीटरपासून घरातल्या मेन बोर्डापर्यंतची केबल टाकलेली नव्हती, आणि ती टाकणे हे आपले काम आहे, वीज कंपनीचे नव्हे, हे मला त्या दिवशी दुपारी बारा वाजता कळले. लाइनमन आपले काम पुरे करून पुढच्या गावाला गेला होता आणि आमचा वायरमन लग्नासाठी चोपड्याला होता. माहेरी आलेल्या दोन बहिणी, त्यांची लहान मुले, ऐंशी ओलांडलेली आई, बंद पडलेली पाण्याची मोटर आणि बाहेर खानदेशातले वैशाखाचे ऊन अशी ती अवस्था होती. आई दर तासाला विचारत होती, “लाइट कव्हय येई?”, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता पारोळ्याला चुलतभावाने घराची पुढची बाजू पाडायला काढली आहे आणि त्याचेही मीटर हलवावे लागणार आहे. त्याच्यासाठी आणि अशा कामाला निघालेल्या इतरांसाठी ही तयारी लिहून ठेवतो. सगळे वाचायला वेळ नसेल त्याने एवढेच वाचावे : मीटर हलवायच्या तारखेआधी नव्या जागेपासून मेन बोर्डापर्यंतची केबल टाकून, दोन्ही टोके काढून, तपासून तयार ठेवावी.

पहिली गोष्ट कायद्याची आहे आणि तिच्यात तडजोड नाही. ओळखीच्या वायरमनला बोलावून मीटर दोन हात सरकवून घेण्याचा सल्ला गल्लीत कोणीतरी हमखास देतो. तो ऐकू नये. मीटरचे सील कंपनीचे असते, आणि ते तुटलेले आढळले की आपला हेतू काय होता हे सिद्ध करण्याची वेळ आपल्यावरच येते. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ मध्ये मीटरशी छेडछाड करून वीज वापरणे ही चोरी ठरवली आहे, तर कलम १३८ मध्ये परवानगीशिवाय मीटर जोडणे हाही गुन्हा आहे, आणि दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्ज करावा, कोटेशन (कंपनीने कळवलेला कामाचा खर्च) भरावे आणि वाट पाहावी.

जागेचा विचार मात्र अर्जाआधी करावा, आणि तो घाईत करू नये. मीटर वाचणाऱ्याला फाटक न उघडता, शिडी न लावता, डोळ्यांच्या उंचीवर आकडे दिसले पाहिजेत, म्हणजे ‘घर बंद’ असा शेरा मारून अंदाजे बिल येण्याचा प्रश्न राहत नाही. पाण्याच्या टाकीखाली, पन्हाळीच्या तोंडाशी, न्हाणीच्या भिंतीवर किंवा गॅस सिलिंडरशेजारी ते नको, हे सांगायला नकोच. आपल्याकडे याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी दोन ते सहा थेट ऊन खाणाऱ्या मीटरचा पडदा काळा पडून त्यावरचे आकडे दिसेनासे होतात. शक्य असेल तर उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत घ्यावी. पश्चिमेला पर्यायच नसेल तर पेटीवर फूटभराचा छज्जा आधी बांधून घ्यावा, म्हणजे जूनचा तिरपा पाऊसही त्यावर अडेल.

जुन्या घरांबाबत आणखी एक सांगतो. आपल्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असल्या तरी त्यांत स्क्रू धरत नाही, आणि मीटरची पेटी सहा महिन्यांत मातीसकट पुढे झुकते. तिथे विटा-सिमेंटचा छोटा खांब उभारावा, किंवा निदान भिंतीत पक्की बसवलेली जाड फळी द्यावी, आणि हे काम मीटर येण्याच्या आठवडाभर आधी सुकून तयार असावे.

जागा ठरली की तिथे उभे राहून वर खांबाकडे बघावे. सर्व्हिस वायर (खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार) कोणाच्या गच्चीवरून जाणार, कोणत्या झाडाला घासणार, रस्ता ओलांडणार का, हे आताच ठरते. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वाहिनी किमान ५.८ मीटर उंच असावी असा जुना आणि पक्का नियम आहे. ज्या गल्लीतून केळीने भरलेला ट्रक किंवा गणपतीची मिरवणूक जाते तिथे त्या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. वायर शेजाऱ्याच्या हद्दीवरून जाणार असेल तर त्याच्याशी आधी बोलावे आणि संमती लेखी घ्यावी, कारण लाइनमन शिडीवर चढलेला असताना सुरू झालेला वाद मिटत नाही, आणि तो दिवस वाया जातो.

कागदांबद्दल थोडक्यात : ताजे बिल (त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक), ओळखपत्र, घरपट्टीची पावती किंवा मालमत्ता पत्रक, घर सामाईक असेल तर भाऊबंदांचे संमतीपत्र, आणि थकबाकी शून्य. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत ते तसेच असते, तर नावबदलाचा अर्ज आधी द्यावा. छतावर सौर पॅनल असतील तर अर्जात ते स्पष्ट लिहावे, कारण त्या जोडणीचे मीटर वेगळे असते. मंजूर भारही बिलावर पाहून घ्यावा. घरात नंतर एसी आणि गीझर आले असतील आणि भार जुनाच असेल, तर तो वाढवण्याचा अर्ज याच वेळी द्यावा.

आता केबल. इथे मी चुकलो होतो, म्हणून इथे थांबून सांगतो.

खांबापासून मीटरपर्यंतचे काम कंपनीचे आणि मीटरच्या पुढचे काम ग्राहकाचे. ही रेघ सगळ्यांना ठाऊक असते असे मला वाटत होते, पण तिचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. मीटर जुन्या जागी मेन बोर्डाच्या हातभर अंतरावर होते, त्यामुळे त्या दोघांमधली वायर कधी दिसलीच नाही. मीटर पंचवीस फूट लांब गेल्यावर त्या हातभर वायरीच्या जागी मोठी केबल लागणार, हे साधे गणित मी केले नाही. कोटेशनमध्ये केबलचा उल्लेख पाहिला आणि सगळेच त्यात आले असे धरून चाललो, पण तो उल्लेख खांबाकडच्या केबलचा होता. म्हणून कोटेशन हातात आल्यावर अधिकाऱ्यांना स्पष्ट विचारावे की तुमचे काम नेमके कोणत्या टोकाला संपते, आणि ते टोक भिंतीवर खडूने दाखवून घ्यावे.

लांबी सरळ रेषेत मोजू नये. आमच्याकडे मीटर आणि बोर्ड यांच्यामधले अंतर डोळ्यांना पंचवीस-सव्वीस फूट दिसत होते. पण केबल मीटरपासून पाच फूट खाली उतरते, जमिनीत अडीच फूट जाते, सव्वीस फूट अंगण ओलांडते, अडीच फूट वर येते, मग सात फूट भिंतीवर चढते, दोन फूट जाड भिंत पार करते, बोळातून चौदा फूट जाते, आणि दोन्ही टोकांना जोडणीसाठी दोन-दोन फूट सोडावे लागतात. ही बेरीज ६३ फूट होते. दोरी धरून, तिला प्रत्येक वळणावर वाकवून मोजावे आणि वर पाच फूट घ्यावेत. केबल कमी पडली म्हणून मध्ये सांधा देऊ नये, जमिनीखाली तर कधीच देऊ नये, कारण पावसाळ्यात ओल त्या सांध्यातच शिरते.

जाडी भारावर ठरते. २३० व्होल्टवर एका किलोवॅटला साधारण साडेचार अँपिअर लागतात, म्हणजे एसी, गीझर, मोटर आणि मिक्सर एकाच वेळी चालणाऱ्या पाच किलोवॅटच्या घरात बावीस-तेवीस अँपिअर वाहतात. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार तेवढे वाहून नेते, पण एवढ्या लांबीला आणि एवढ्या उन्हाला मी ६ च घ्यावी म्हणेन. ॲल्युमिनियमची घेतली तर १० घ्यावी. अंगणातून जाणारी केबल आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, असावी आणि पाइपात असावी, कारण आपल्या जुन्या अंगणांत घुशी असतात आणि त्या साधी केबल कुरतडतात. खड्डा अडीच फूट खोल करावा, केबलखाली-वर वाळू घालावी आणि वर विटांची ओळ द्यावी, म्हणजे पुढे कोणी नळासाठी खोदले तर पहार आधी विटेला लागेल.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात हे खरे, पण तिसरी अर्थिंगची तारही त्याच खड्ड्यातून न्यायची असते, आणि अनेक जण ती विसरतात. मीटरच्या पुढे लगेच, आपल्या बाजूला, दोन पोलचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवावा. घरात मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो याच खर्चात बसवून घ्यावा. थ्री फेज जोडणी असलेल्यांनी न्यूट्रलची जोडणी दोनदा आवळून पाहावी, कारण ती सैल राहिली तर एखाद्या खोलीत २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट जाऊन टीव्ही, फ्रिज आणि पंखे एका क्षणात जळतात.

हे सगळे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट सहीशिक्क्यासह घ्यावा. केबल टाकून झाली की मीटर येण्याच्या आधीच मेगरने (तारांवरचे आवरण शाबूत आहे का हे मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावी. आणि ठेकेदाराला एक तारीख आधीच बांधून घ्यावी : मीटर ज्या दिवशी हलेल त्या दिवशी तो किंवा त्याचा माणूस जागेवर हवा, गावात आहे एवढे पुरेसे नाही. मीटरच्या बाहेर जाणाऱ्या टोकाशी आपली केबल जोडली जाईपर्यंत लाइनमनला जाऊ देऊ नये, आणि त्यासाठी केबल तिथे आधीच लोंबत असली पाहिजे. मी हे परत परत लिहितो आहे, कारण मला दोन जणांनी एकेकदा सांगितले होते आणि तेवढ्याने माझ्या डोक्यात ते शिरले नव्हते.

अर्थिंगबद्दल. जुने मीटर हलले की जुन्या अर्थिंगशी संबंध तुटू शकतो, म्हणून नव्या जागेजवळ वेगळा खड्डा घेणे चांगले. तो घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा तांब्याची प्लेट पुरावी, भोवती कोळसा आणि मीठ भरावे आणि पाणी ओतण्यासाठी वर नरसाळे ठेवावे. आपल्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत अर्थिंग उत्तम मिळते, पण चैत्र-वैशाखात ती भेगाळते आणि प्लेटभोवतीची मातीच सुटते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात घालावे.

तारीख निवडताना सणवार टाळावेत, हे मी आखाजीच्या अनुभवावरून लिहितो आहे. १५ मेनंतरही काम काढू नये, कारण त्या सुमारास वादळ उठले की रावेर-यावलकडे केळीच्या बागांबरोबर खांबही आडवे होतात आणि माणसे तिकडे पाठवली जातात. माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारी सर्वात बरा.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी टाकी भरून घ्यावी, मोबाइल चार्ज करावेत, फ्रिज रिकामा करावा. काढण्याआधी मीटरचा क्रमांक, रीडिंग आणि सील यांचे स्वच्छ फोटो काढावेत, बसवल्यावर तसेच पुन्हा काढावेत, आणि कामाच्या कागदावर तेच रीडिंग लिहिले आहे ना हे पाहूनच सही करावी. नवे सील आपल्यासमोर लावून घ्यावे. केबल जोडली, एमसीबी चढवला, घरात दिवा लागला, मोटर चालली, एसी चालला, मगच सगळ्यांना निरोप द्यावा.

पुढच्या बिलावरचे मागील रीडिंग फोटोशी ताडून पाहावे. ओसरीतली जुनी वायर दोन्ही टोकांनी काढून टाकावी, नुसती टेप गुंडाळून सोडू नये. जुनी सर्व्हिस वायर ज्या भोकातून आत येत होती ते भोक पावसाआधी सिमेंटने बुजवावे.