बदललेल्या जुन्या मित्राला नव्याने कसे ओळखावे

“तो आता पूर्वीसारखा राहिला नाही” हे वाक्य जुन्या मित्राविषयी आपण सहज बोलून जातो आणि त्यात बहुतेक वेळा तक्रारीचा सूर असतो. हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे, कारण त्यातून नेमके काय बदलले ते कळत नाही. मित्राची परिस्थिती बदललेली असू शकते, त्याचा स्वभाव बदललेला असू शकतो, किंवा तो जसा होता असे आपण धरून चाललो आहोत तसा तो कधी नव्हताच, असेही असू शकते. या तीन शक्यतांवर करायचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून दुरावलेल्या मैत्रीकडे परत वळू पाहणाऱ्याने सर्वांत आधी त्यांची फोड करावी.

तक्रारीची फोड करावी

आधी परिस्थिती पाहावी, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते. मित्र फोन उचलत नाही, भेट ठरवून ऐनवेळी रद्द करतो, बोलताना अर्धे लक्ष दुसरीकडे ठेवतो, हे सारे स्वभावातील बदल वाटतात. पण लहान मूल, आजारी आईवडील, रात्रपाळीची नोकरी किंवा कर्जाची काळजी यांपैकी एखादी गोष्ट त्यामागे असेल, तर माणूस तोच असतो आणि त्याचा दिवस मात्र त्याच्या हाती राहिलेला नसतो. नेदरलँड्समधील युट्रेख्त विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गेराल्ड मोलेनहोर्स्ट यांनी सुमारे एक हजार लोकांना त्यांच्या निकटच्या माणसांविषयी विचारले आणि सात वर्षांनी त्यांच्यापैकी ६०४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. वर्तुळाचा आकार जवळपास तेवढाच राहिला होता, पण त्यातील साधारण निम्मी माणसे बदलली होती. माणसे कोठे आणि कशाच्या निमित्ताने एकमेकांना भेटू शकतात, यावर त्यांची जवळीक किती अवलंबून असते, हे त्या अभ्यासातून दिसते. वर्ग, वसतिगृह, कचेरी यांसारखी सामायिक जागा सुटली की मैत्रीला आयता मिळणारा वेळ संपतो, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो.

स्वभावाविषयी आपली भाषा फार ठाम आहे. “स्वभावाला औषध नाही” असे आपण म्हणतो. औषध नसेलही, पण स्वभाव वयानुसार हळूहळू सरकतो, याला चांगला आधार आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या ९२ अभ्यासगटांतील निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा माणसे सरासरीने वयाबरोबर अधिक जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात, आणि या बदलाचा मोठा भाग वीस ते चाळीस या वयात घडतो, असे दिसले. म्हणजे कधीकाळी मध्यरात्री हाक मारताच धावत येणारा मित्र आता “उद्या सकाळी काम आहे” असे म्हणतो, तेव्हा तो निबर झालेला नसून बहुधा त्या वयाच्या इतर माणसांप्रमाणेच बदललेला असतो.

तिसरी शक्यता आपल्या आठवणीची आहे, आणि ती मान्य करणे सर्वांत अवघड जाते. मध्यम वयानंतर माणसाला स्वतःचे आयुष्य आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग त्याला इतर काळापेक्षा अधिक आठवतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आले आहे. शिवाय आठवण ही पेटीत जपून ठेवलेली वस्तू नसते. ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, असे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच प्रयोगांच्या आधारे मांडले होते. त्यामुळे जुन्या मित्राचे आपल्या मनातील चित्र हे त्याच्या एका वयाचे आणि आपल्या सोयीने घडवलेले असते. वीस वर्षांनी समोर आलेला माणूस त्या चित्राशी जुळत नाही, यात नवल वाटण्यासारखे काहीच नाही.

भेटीआधी कागद घेऊन बसावे

मित्र किती बदलला हे मोजण्याआधी आपण किती बदललो हे मोजावे, असा माझा आग्रह आहे. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ ते ६८ वयोगटातील १९ हजारांहून अधिक लोक सहभागी झाले होते. गेल्या दहा वर्षांत आपण पुष्कळ बदललो, असे सर्व वयाचे लोक सांगत होते, पण पुढच्या दहा वर्षांत आपण फारसे बदलणार नाही, असेही त्यांना वाटत होते. आज आहे ते आपले अखेरचे रूप, हा भ्रम प्रत्येक वयात टिकून राहतो. मित्राच्या बाबतीतही आपण त्याच भ्रमाने वागतो, म्हणजे शेवटच्या भेटीत तो जसा होता तेथेच त्याला थांबवून ठेवतो.

या भ्रमातून बाहेर पडण्यासाठी एक साधा उपाय करावा. कागदावर दोन स्तंभ आखावेत. पहिल्या स्तंभात स्वतःविषयी लिहावे: मित्राची नियमित भेट होत असे त्या काळात मला कशाची भीती वाटत असे, मी कोणाचे मत मानत असे, रिकामा वेळ कसा घालवत असे, कोणत्या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि त्याच प्रश्नांची आजची उत्तरे काय आहेत. उत्तरे एका शब्दात देऊ नयेत, प्रसंग आठवून लिहावीत. त्यानंतर दुसऱ्या स्तंभात मित्राविषयी त्याच प्रश्नांची उत्तरे लिहायला घ्यावीत. त्या काळाची उत्तरे भराभर सुचतील, पण आजच्या उत्तरांपाशी बहुतेकांचा हात थांबतो, आणि जे सुचते तेही ऐकीव किंवा त्याने कोठे टाकलेल्या छायाचित्रांवरून काढलेले असते. मोकळ्या राहिलेल्या जागा म्हणजेच आपल्या भेटीचे कारण होय. तो बदलला असे म्हणण्याइतके तरी आपल्याला त्याच्याविषयी माहीत आहे का, हेही तेव्हा कळते.

पहिले पाऊल छोटे असावे

बरीच वर्षे बोलणे झालेले नसले की आता फोन केला तर त्याला विचित्र वाटेल, या संकोचाने आपण थांबतो. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकूण ५,९०० हून अधिक लोक सहभागी झाले होते, आणि आपण केलेल्या चौकशीचे समोरच्याला किती अप्रूप वाटेल याचा लोकांचा अंदाज सातत्याने कमी पडत होता. चौकशी जितकी अनपेक्षित, तितके ते अप्रूप अधिक होते. म्हणून फार विचार न करता दोन-तीन वाक्यांचा मेसेज पाठवावा आणि त्यात त्याची आठवण कशावरून आली, ते नेमके लिहावे. “विसरलास का?” किंवा “मोठा माणूस झालास” अशी सुरुवात कधीही करू नये, कारण असे वाक्य प्रेमाने लिहिले तरी वाचणाऱ्याला आधी स्वतःची बाजू मांडावी लागते. उत्तर आले, तर पुढचे बोलणे शक्यतो फोनवर करावे. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुन्या मित्राशी काहींनी ईमेलने आणि काहींनी फोनवर संपर्क साधला. फोनवर अवघडल्यासारखे होईल असे लोकांना वाटत होते, प्रत्यक्षात अवघडलेपण वाढले नाही आणि जवळीक मात्र अधिक वाटली.

उत्तर आले नाही, तर काही महिन्यांनी एकदाच पुन्हा लिहावे आणि मग थांबावे.

भेटीत आठवणी किती आणि वर्तमान किती

या बाबतीत माझ्या हातून घडलेली चूक सांगणे मला आवश्यक वाटते. शाळेतील एका जिवलग मित्राची मला बारा वर्षांनी भेट झाली, तेव्हा सोबत आणखी चार-पाच जण होते. बोलताना शब्द अडखळत असल्यामुळे त्याला शाळेत एक टोपणनाव पडले होते. मी त्याच नावाने त्याला हाक मारली आणि त्या काळचे दोन प्रसंग रंगवून सांगितले. सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर त्याचे फोन कमी होत गेले आणि मी सर्वांना सांगत राहिलो की, तो आता पूर्वीसारखा राहिला नाही. पुढे बऱ्याच काळाने त्याने स्वतःच मला सांगितले की, स्पष्ट बोलता यावे म्हणून त्याने अनेक वर्षे मेहनत घेतली होती, आणि त्या संध्याकाळी मी एका हाकेसरशी त्याला पुन्हा त्या बाकावर नेऊन बसवले होते. माझ्यासमोर बदललेला माणूस होता आणि त्या बदलाचा मी अपमान केला होता, हे मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून मी काही पथ्ये पाळतो. पहिली भेट शक्यतो दोघांचीच ठेवावी, कारण घोळक्यात प्रत्येकाला आपली जुनी भूमिका वठवावी लागते; विनोद करणाऱ्याला विनोदच करावे लागतात आणि चेष्टा सोसणाऱ्याला ती पुन्हा सोसावी लागते. जुने टोपणनाव त्याने स्वतः उच्चारल्याशिवाय वापरू नये. आठवणी जरूर काढाव्यात, पण दोघे ज्यात बरोबरीचे होते अशा काढाव्यात, आणि “तू नेहमी असेच करायचास” या वाक्याऐवजी “ते तुला कसे आठवते?” असे विचारावे. एकच प्रसंग दोघांना किती वेगळा आठवतो हे ऐकताना पुष्कळदा जुना गैरसमजही उलगडतो.

आठवणींचा भर ओसरला की थोडी शांतता येते, आणि तेथे घाबरून पुन्हा शाळेच्या गोष्टींकडे पळू नये. त्या वेळी आजचा प्रश्न विचारावा, पण तो नोकरी, घर आणि मुलांची शिक्षणे यांच्या हजेरीसारखा नसावा. सध्या तुझा वेळ कशात चांगला जातो, अलीकडे काय शिकलास, पूर्वी फार महत्त्वाची वाटणारी कोणती गोष्ट आता तशी वाटत नाही, अशा प्रश्नांना तयार उत्तर नसते, म्हणून उत्तर देताना माणूस दिसू लागतो. आपणही तेवढेच मोकळेपणाने सांगावे. केवळ प्रश्न विचारत राहिल्यास भेटीला मुलाखतीचे स्वरूप येते. समोरासमोर बसून बोलणे काहींना जड जाते, त्यांच्याशी चालता चालता किंवा एखादे काम मिळून करताना बोलावे. शाळा संपवून बाहेर पडलेल्या काही ब्रिटिश विद्यार्थ्यांचा अठरा महिने मागोवा घेणाऱ्या सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांच्या छोट्या अभ्यासात मुलींची मैत्री बोलण्याने टिकली, तर मुलांची एकत्र काहीतरी करण्याने. तुमच्या मैत्रीची जात कोणती होती, हे तुम्हालाच ठाऊक असेल.

एका भेटीत जुना जिव्हाळा परतेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास आणि जवळच्या मैत्रीत व्हायला २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो. शाळेत हे तास न मोजता मिळाले होते. आता ते ठरवून काढावे लागतील, म्हणून निरोप घेण्यापूर्वीच पुढच्या भेटीचा दिवस निश्चित करावा.

न पटणारे बदल

मित्राची राजकीय किंवा धार्मिक मते पार उलटी झाली असतील, तर पहिल्या वेळी वाद न घालता तो त्या मतापर्यंत कसा पोहोचला, एवढेच विचारावे. मतामागे पुष्कळदा एखादी हानी, भीती किंवा उपकार असतो. आर्थिक अंतर पडले असेल, तर ज्याचे हात मोकळे आहेत त्याने भेटीची जागा आणि खर्च दुसऱ्याला झेपेल असाच ठेवावा आणि त्याचा उच्चारही करू नये. दुःखाने गप्प झालेल्या मित्राला पूर्वीसारखे हसवण्याचा हट्ट धरू नये, कारण त्या हट्टाचा अर्थ त्याला असा लागतो की, त्याचे आजचे रूप आपल्याला नको आहे.

प्रत्येक बदल स्वीकारावा असे मात्र मी म्हणणार नाही. मित्र आपल्याला सतत कमी लेखत असेल, केवळ पैशांसाठी किंवा कामापुरता आठवण काढत असेल, अथवा त्याच्या वागण्याने घरातील माणसांना इजा पोहोचत असेल, तर जुन्या दिवसांची शपथ घेऊन ते सोसण्याचे कारण नाही. स्पष्ट बोलावे आणि फरक पडला नाही तर अंतर ठेवावे. त्याहून सौम्य प्रसंगही असतात, ज्यात कोणी चुकलेले नसते आणि तरीही बोलायला काही उरलेले नसते. डनबार यांच्या मांडणीनुसार माणसाभोवती साधारण ५, १५, ५० आणि १५० जणांची एकाबाहेर एक अशी वर्तुळे असतात. आतल्या वर्तुळातील मित्र बाहेरच्या वर्तुळात गेला, तरी तो आपल्या जगातच असतो. वर्षातून एकदा मनापासून केलेली विचारपूस त्या जागेला पुरते.

ज्याची हकिगत वर सांगितली तो मित्र आणि मी आता वर्षातून तीन-चार वेळा भेटतो. मागच्या भेटीनंतर तुझे कोणत्या गोष्टीविषयीचे मत बदलले, हा प्रश्न आम्ही सुरुवातीलाच एकमेकांना विचारतो. गेल्या वेळी त्याचे उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, आणि तो घाई न करता थांबला.